पुस्तकात नसलेला पाहुणा

१

आधीच सांगून टाकतो, चूक गोकुळची होती. हे मी रागात म्हणतोय, ते मला कळतं. पण राग उतरलेला नाही आणि उतरू द्यायचा माझा विचारही नाही.

मेहकरच्या बसस्टँडवर मी कंट्रोलर आहे. आठवडाभर माइकसमोर बसून गाड्या पुकारतो. वेळ जात नाही म्हणून थापा मारतो. हिवरा आश्रमच्या एका म्हाताऱ्याला मी एकदा पटवून दिलं होतं, की शेगावची गाडी उन्हाळ्यात दोन फूट लांब होते, लोखंडच ते. म्हातारा बाहेर गेला, गाडीच्या कडेनं पावलं मोजून परत आला आणि म्हणाला, “दीड.” अशी माणसं भेटली की आपला धंदा वाढतो.

रविवार मात्र माझा नसतो, तिघांचा असतो. मी, गोकुळ आणि भगवंतराव सर. सरांनी शाळेत आम्हा दोघांना शिकवलं. त्यांच्याकडे एक लोखंडी पेटी आहे, जुन्या रहस्यकथांनी गच्च भरलेली. गावातली वाचनालयं बंद पडत गेली तसतशी सरांनी ती रद्दीतून उचलली. रविवारी माझी बायको शरयू वरण-बट्टी करते. जेवण झालं की बैठकीत कूलर लावायचा आणि मी मोठ्यानं वाचायचं. मोठ्यानं अशासाठी, की सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते शेजारच्या खोलीत निघून जायचे.

गोकुळचं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं. त्याची रुख्मिणी चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरच्या हातचं गरम जेवण त्याला आठवड्यातून एकदाच मिळतं, तेही आमच्याकडे. सहा बट्ट्या खाऊन तो नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसतो आणि तिसऱ्या पानाला घोरायला लागतो.

नियम एकच. पुढचं पान कोणीही एकट्यानं वाचायचं नाही.

म्हणजे एकाला दिसत नाही आणि दुसरा झोपलेला. आता तुम्हीच सांगा, माझ्यासारख्या माणसानं काय करावं?

२

या खेपेच्या पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली आठ पानं नव्हती, त्यामुळे नावही नव्हतं. मुंबईचा बंगला, दुधात विष, एक इन्स्पेक्टर, आणि मग पानंच्या पानं आगगाड्यांचं वेळापत्रक. आठवडाभर मी तेच करतो! मला त्या लेखकाचा असा राग आला, की ती पानं सरळ उडवली आणि आपल्या पदरचा एक माणूस गोष्टीत घातला.

पाहुणा. भर दुपारी बंगल्याच्या फाटकाशी उभा. शर्टाचं गळ्याशी असलेलं बटणसुद्धा लावलेलं, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. पाणी मागतो.

सर कोचावर सरसावून बसले. “हा कोण रे नवीन?”

“मले काय माहीत सर, लिहिलं तसं वाचून राह्यलो.”

पुढच्या रविवारी त्यांनी आल्या आल्या विचारलं, “पाहुणा कुठवर आला?” मी त्याला व्हरांड्यात आणला. तिसऱ्या रविवारी बैठकीत आणून खुर्चीवर बसवला. मुंबईचे बंगले मी कुठे पाहिलेत? मी आमचंच घर वापरलं. कूलरमधल्या वाळ्याचा वास, चौकटीच्या डाव्या अंगाला उमटवलेला हळदीचा पंजा. मस्ती अंगात आली म्हणून पाहुण्यापुढं शेगावची कचोरी ठेवली. मुंबईच्या बंगल्यात! तिथं सरांनी मला पकडायला हवं होतं.

सर हसलेही नाहीत. “वास आला बघ,” म्हणाले.

कूलर घरघरत होता, गोकुळ घोरत होता. मी खूण म्हणून एकशे एकतिसाव्या पानाचा कोपरा दुमडला.

३

मग सरांच्या मुलीनं येऊन त्यांना जवळजवळ उचलून अकोल्याला नेलं आणि महिन्याभरात दोन्ही डोळे करून आणले. परत आल्यावर एका शनिवारी दुपारी सरांचा फोन आला.

“इंद्रभान, मागची पानं पुन्हा वाचली रे. स्वतःच्या डोळ्यांनी. तुझ्याबद्दल मला शंका होती, खोटं का बोलू? पण एक शब्द गाळला नाहीस. एक शब्द पदरचा घातला नाहीस.”

माझी ड्यूटी दोनला संपत होती. मी घरी न जाता सरांकडे गेलो. त्यांनी पुस्तक हातात दिलं. पान एकशे बारा.

फाटक होतं. पाहुणा होता. गळ्याशी लावलेलं बटण होतं. एकशे एकोणिसावर व्हरांडा. एकशे अठ्ठावीसवर बैठक, वाळा, हळदीचा पंजा डाव्या अंगाला, आणि कचोरी. माझे शब्द, मी जिथे श्वास घेतला होता तिथे स्वल्पविराम. वेळापत्रक कुठेच नव्हतं.

मी पान उन्हात धरलं. कागद बाकीच्या पानांसारखाच पिवळा. अक्षर तेच, ‘र’ची शेपटी तुटलेली, सगळ्या पुस्तकात तुटलेली. आणि पुस्तकाला कसर लागलेली होती. ज्वारीच्या दाण्याएवढं एक गोल भोक शंभराव्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आरपार गेलं होतं. पाहुण्याच्या पानांतूनही. माझ्या वाक्यातली दोन अक्षरं त्या किड्यानं खाल्ली होती. कोण जाणे किती वर्षांपूर्वी.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“काही नाही. छपाई चांगली आहे,” मी म्हटलं.

आणि तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर माझ्या डोक्यात उजेड पडला. छपाई.

४

सरांच्या घरून गोकुळच्या दुकानापर्यंत पोचेस्तोवर माझ्या मस्तकात सगळं जुळलं होतं. हा घोरत नव्हता. चार वर्षं आमच्या घरचं खाऊन हा घोरण्याचं सोंग करत होता. सर अकोल्याला असताना पेटीतून पुस्तक काढलं, जुन्या कागदावर पानं छापली, दाभण तापवून भोक पाडलं. मला, थापाड्याला, थापेत पकडायला.

दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत, वर तो एकटा राहतो. तो कॉम्प्युटरवर कोणाची तरी पत्रिका जुळवत होता.

“ये बे इंद्या. बस.”

“कधीपासून जागा असतोस तू?”

“आं?”

“रविवारी. घोरतोस तेव्हा.”

त्यानं चष्मा काढला. मी पानांचं सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड पाहून थांबला. “अबे, लग्नाचा सीझन आहे. मले जेवायले फुरसत नाही, आन मी तुह्या गमतीसाठी पुस्तक छापत बसू? ते शिशाच्या खिळ्यायचं जुनं छापणं आहे. माह्याकडं खिळे राह्यले कुठं? भंगारात गेले दहा वर्षांखाली.”

“एक जोडी ठेवली असशील.”

“जोडी? पायतण आहे काय ते?”

मला हसू आलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला हसू आलं नाही, कारण तो खरं बोलत असेल तर मग ती पानं कोणी छापली, हे मला स्वतःला विचारावं लागलं असतं. त्यापेक्षा चिडणं सोपं होतं.

“कबूल कर,” मी म्हटलं, “नाहीतर रविवारी माह्या घरी जेवायले येऊ नको.”

मशीन बंद होतं. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. गोकुळनं चष्मा शर्टाला पुसला, पुन्हा पुसला.

“जेवणावर आला तू,” तो म्हणाला. “बरं. नाही येत.”

माफी मागायला मी तोंड उघडलं होतं, हे कुठेतरी लिहिलेलं असू द्या. पण तो पाठ फिरवून पत्रिका जुळवायला लागला, आणि मला पुन्हा राग आला.

५

दुसऱ्या दिवशीचा रविवार मोडला. सरांना मी ड्यूटी आहे म्हणून सांगितलं. शरयूनं चार माणसांचं भिजवलेलं पीठ आमच्या दोघांपुढं आणून ठेवलं.

“गोकुळभाऊ आजारी आहेत का?”

“माजला आहे.”

“मग कोण आजारी आहे ते कळलं,” ती म्हणाली आणि आत गेली. तीन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

त्यानंतरच्या शनिवारी मी ड्यूटीवरून आलो तर ती ओट्याशी उभी राहून गवार मोडत होती. न वळता म्हणाली, “एक जण आलता दुपारी. तुमचं नाव घेतलं.”

“कोण?”

“नाव नाही सांगितलं. फाटकात उभा होता. केव्हाचा होता कोण जाणे, मी कपडे काढायले गेली तेव्हा दिसला. म्हटलं, ते ड्यूटीवर आहेत, उद्या रविवार आहे, उद्या या.”

“दिसायला कसा?”

“चांगल्या घरचा. गळ्यापर्यंत बटण लावलेलं. एवढं ऊन, पण घाम नाही माणसाले. पाणी आणायले आत गेली, परत आली तर गेलता.”

गवारीच्या शेंगा कट् कट् मोडत होत्या.

स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये एक पडदा आहे, दुसरं काही नाही. चार वर्षं ती भांडी घासता घासता माझं वाचन ऐकते. म्हणजे हीसुद्धा सामील. गोकुळनं फोन केला असणार, भाऊ-वहिनी मिळून मला धडा शिकवतायत.

“गोकुळनं सांगितलं ना तुला हे बोलायला?”

ती वळली. हातात अर्धी शेंग. “तुम्ही इतके वर्षं लोकायले फसवता, तेव्हा लोक हसतात. मी एकदा खरं सांगितलं तर तुम्ही भांडता.”

मी फाटकापर्यंत जाऊन आलो. रस्त्यावरचं डांबर उन्हानं मऊ झालं होतं. आमच्या फाटकासमोर त्यात चपलांचे दोन ठसे खोल उमटलेले होते. येणारे नाहीत, जाणारे नाहीत. फक्त उभे राहिलेले.

फाटकाला मी भर दिवसा कुलूप लावलं. एवढंच मी केलं.

६

रविवारी साडेबाराला सर आले. कुलूप मीच काढलं, आणि त्यांच्या मागे परत लावलं. काखेत पुस्तक, नव्या चष्म्यामागे डोळे एवढे मोठे.

“गोकुळ?”

“येत नाही.”

“नियम तिघांचा आहे,” सर म्हणाले. “पण मला धीर धरवत नाही. एकशे एकतीसच्या पुढे मी एक अक्षर पाहिलेलं नाही, शपथेवर सांगतो. आधी वाचू, मग जेवू.”

“द्या, मी वाचतो,” मी घाईनं हात पुढे केला. माझ्या हातात आलं असतं, तर पाहुण्याला मी दोन ओळींत बंगल्याबाहेर काढलं असतं.

“नाही. इतकी वर्षं तू वाचलंस. आज मी.”

“सर, डोळ्यांना ताण—”

“इंद्रभान, बस खाली.” सातवीच्या वर्गातला आवाज. मी बसलो.

त्यांनी ओळीखाली बोट धरलं आणि वाचायला लागले. सावकाश, प्रत्येक शब्द स्वच्छ. माझ्यासारखं एकही अक्षर खात नव्हते.

‘पाहुणा बराच वेळ खुर्चीत बसून होता. मग तो उठला.’

माझ्या डाव्या हाताला गोकुळची खुर्ची रिकामी होती. तिच्या पट्ट्या करकरल्या. जड माणूस उठल्यावर करकरतात तशा, एकेक, आणि मग सैल झाल्या.

उन्हानं नायलॉन ताणतं. मी स्वतःला हे सांगितलं. शेगावची गाडी उन्हाळ्यात लांब होते.

‘आतल्या दाराचा पडदा त्यानं बाजूला केला. आत बाई एकटी होती.’

पडद्याच्या कड्या दांडीवर सरकल्या. कूलरचा वारा तिकडे जात नाही.

“सर, थांबा.”

“आता कुठे रंग भरतोय.”

“थांबा म्हणतो ना!”

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. दिसायला लागलेल्या माणसाला थांबवता येत नाही हो. आतून शरयूचा आवाज आला, रोजच्यासारखा, जरा दमलेला. “या ना, बसा. पाणी देते.”

पडदा वीतभर उघडा राहिला होता. माझ्या जागेवरून मला ओट्याचा कोपरा दिसत होता, शरयूची पाठ, तिच्या हातातला पेला. आणि भिंतीलगतच्या स्टुलावर कोणाचे तरी गुडघे. इस्त्रीची पॅन्ट. गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. कातडी जुन्या कागदाच्या रंगाची, कडांना तपकिरी. उजव्या हाताच्या मागे ज्वारीच्या दाण्याएवढं एक गोल भोक होतं, आणि त्यातून आरपार पॅन्टचं कापड दिसत होतं.

त्याच्या वर मी पाहिलं नाही.

‘बाईनं पाणी पुढं केलं,’ सर वाचत होते. ‘पाहुण्यानं पेला घेतला नाही. त्यानं तिचं मनगट धरलं. “चला,” तो म्हणाला—’

आत बांगड्या वाजल्या. पेला फरशीवर पडून गडगडत गेला.

मी उठून आत धावायला हवं होतं. नवरा धावतो. मी थापाड्या आहे, मी ओरडलो. बसस्टँडच्या माइकवर पुकारतो त्या आवाजात, शब्द न शब्द सुटा करून ओरडलो.

“पाहुणा घर चुकला होता! त्याला इथं यायचंच नव्हतं! त्याला गोकुळकडे जायचं होतं. बसस्टँडच्या मागची गल्ली, पत्रिकांचं दुकान, त्याच्या वरचा मजला. जिना बाहेरून आहे!”

हे मी विचार करून बोललो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. पण दुसरी नावं मला येत नव्हती का? मेहकरात किती लोक राहतात! आठ दिवस ज्याच्याविषयी डोक्यात निखारा ठेवून फिरत होतो, त्याचंच नाव आलं.

घरात फक्त कूलर.

“अरे, घाई काय तुला,” सर त्रासून म्हणाले. “येतोच आहे मी तिथे.” त्यांचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. ‘पाहुणा घर चुकला होता. त्याला इथं यायचंच नव्हतं. त्याला गोकुळकडे जायचं होतं. बसस्टँडच्या मागची गल्ली...’

जिन्यापर्यंत सगळं वाचून त्यांनी पान उलटलं. मग मागचा पुठ्ठा चाचपला.

“संपलं,” ते म्हणाले. “गोकुळ म्हणे! नावं बघ कशी जुळतात.”

७

शरयू पडद्यातून बाहेर आली. उजवं मनगट डाव्या हातानं चोळत होती.

“गेले का ते? पाणीसुद्धा नाही पेले.”

“कोण होतं?” सरांनी विचारलं.

“ह्यांच्या ओळखीचे कोणी. कालचेच.” ती माझ्याकडे बघत होती. तिच्या मनगटावर चार बोटांच्या जागा पांढऱ्या पडल्या होत्या, रक्तच नसल्यासारख्या. “हात लय कोरडा होता हो त्यांचा.”

मी बाहेर पाहिलं. फाटकाला कुलूप तसंच होतं.

स्कूटरची चावी मी हातात घेतली. आमच्या घरापासून गोकुळकडे पाच मिनिटं. मी गेलो असतो तर शरयू एकटी राहिली असती, म्हणून मी गेलो नाही. चांगलं कारण आहे. सर घरातच होते, एवढा भाग सांगताना मी गाळतो.

मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

“अबे इंद्या!” गोकुळचा आवाज अगदी मोकळा होता. “आत्ता आला बे तुहा माणूस.”

“कोण माणूस?”

“नाटक पुरे आता. तुहंच नाव सांगतलं त्यानं. म्हटलं चला, उतरला साहेबाचा राग. आठ दिवस झाले बे, एक फोन नाही. सकाळपासून मी शर्ट घालून बसलो होतो, म्हटलं इंद्या एखाद्या वेळी बोलावणं पाठवतेच.”

“गोकुळ, त्याले घरात घेऊ नको.”

“घेतला ना. बसवला बी. उन्हातून आला बिचारा. रुख्मिणी गेल्यावर वरच्या मजल्यावर पह्यला पाहुणा आहे हा, घराबाहेर उभा करू काय?”

‘जिना बाहेरून आहे, पळ.’ एवढेच शब्द होते. जिभेवर आले होते. पण तो पळाला तर त्या माणसानं पुढं कुठं जायचं? त्याला पत्ते दोनच माहीत होते. आतून शरयूनं बट्ट्यांवरची राख झटकल्याचा आवाज येत होता, आणि तुपाचा वास.

“हॅलो? ऐकून राह्यला काय बे? थांब, हे काही तरी म्हणून राह्यले,” गोकुळ म्हणाला. “घे, त्यायलेच देतो फोन.”

मी फोन कापला.

शरयू दारात आली. हातात चौथं ताट होतं.

“गोकुळभाऊच होते ना फोनवर? भांडण मिटलं म्हणायचं. येऊन राह्यले का जेवायले?”

“नाही,” मी म्हटलं. “त्याच्याकडे पाहुणे आलेत.”